हरवलेल्या चवीचा प्रश्न कोणी विचारायचा?

फेब्रुवारी २०२१. देशात कोरोना ओसरत चालला असं बोललं जात असताना अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि २२ तारखेपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी परतली. पुढे कोरोनाचा डेल्टा प्रकार ज्या कुळात जन्मला, त्या कुळाची एक खूण त्याच सुमारास अमरावतीच्या नमुन्यांत आढळली होती. आजारातून उठलेल्या अनेकांना फोडणी करपली तरी कळेना. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. काहींचा अर्धवटच आला, काहींना ओळखीचे वास विकृत होऊन येऊ लागले, आणि वासाबरोबर जेवणातला जीवच गेला. तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांचं दुःख तर याहून जुनं आहे. त्यांच्यातल्या अनेकांच्या जिभेवर काहीही ठेवलं तरी ते एकसारखंच लागतं.

या दोन्ही दुःखांच्या मुळाशी जाण्यासाठी काही प्रयोगशाळांनी एक नवं साधन हाती घेतलं आहे. जिभेतल्या किंवा नाकातल्या मूलपेशी काढायच्या, त्या डिशमध्ये वाढवायच्या आणि त्या अवयवाचा कणाएवढा नमुना उभा करायचा. या नमुन्याला ऑर्गनॉइड म्हणतात. हे साधन वऱ्हाडाच्या कामाचं आहे का, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात आणि ते व्हायला हवेत. पुढे ते दोन माणसांच्या तोंडून मांडले आहेत. काका अमरावतीत कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुतणी अकोल्यात वाढलेली, पुण्यात पेशींवर संशोधन करणारी. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातलं विज्ञान, नावं आणि वर्षं मात्र खरी आहेत.

काका : तुझ्या क्षेत्रात आता जीभ डिशमध्ये वाढते म्हणे. मले आधी हे सांग, ती खरंच जीभ आहे का?

पुतणी : जीभ नाही, काका. फार तर जिभेवर चव ओळखणारी रुचिकलिका म्हणा, आणि तीही अपुरी. आपल्या एकेका रुचिकलिकेत साधारण ५० ते १०० पेशी असतात. त्या फार जगत नाहीत. सरासरी दहा-पंधरा दिवसांत जुन्या पेशी मरतात आणि तळाशी असलेल्या मूलपेशी नव्या घडवतात. अशा मूलपेशी ओळखायची एक खूण, एलजीआर-५ नावाचं प्रथिन, २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाला आतड्यात सापडली. २००९ मध्ये त्याच गटातल्या तोशिरो सातो यांनी अशा एका पेशीपासून उंदराच्या आतड्याचा छोटा नमुना वाढवून दाखवला. मग २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी उंदराच्या जिभेतल्या तशाच पेशी घेतल्या. एकेका पेशीपासून जो पुंजका झाला, त्यात चव ओळखणाऱ्या सगळ्या प्रकारच्या पेशी तयार झाल्या होत्या.

काका : पेशी तयार झाल्या, ठीक. पण त्यायले चव कळते?

पुतणी : गोड किंवा कडू द्रव्य टाकलं की ते ओळखणाऱ्या पेशीत कॅल्शियम वाढतं आणि चमकणाऱ्या रंगद्रव्यामुळे ते सूक्ष्मदर्शकातून दिसतं. पेशीनं पदार्थ ओळखला, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

काका : एवढंच म्हणता येतं, हे तूच कबूल केलंस ते बरं झालं. आता माझी हरकत ऐक. आपल्या घरचा ठेचा घे. त्याचा झणका रुचिकलिकेले कळतच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या चेतातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीले चेतवते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो ग्राही १९९७ मध्ये शोधला, २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. तुझ्या पुंजक्यात चेतातंतूच नाही, म्हणजे वऱ्हाडी ताटाची पहिली ओळखच तिथं गैरहजर. दुसरं, आपण ज्याले चव म्हणतो त्यातला मोठा वाटा घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. तुझ्या डिशमध्ये लाळ नाही, चावणं नाही, भूक नाही. जेवणारा माणूसच बाजूला काढला आणि चवीचा अभ्यास करून रायलो म्हणता!

पुतणी : खरिपाआधी आपल्याकडे सोयाबीनची उगवणशक्ती तपासतात ना? ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची आणि काही दिवसांनी मोजायचे. सत्तरपेक्षा कमी उगवले तर बियाणं प्रमाणात बसत नाही. त्या गोणपाटात काळी माती नसते, पाऊस नसतो, अळी नसते. त्यावरून एकरी उतारा कोणी सांगत नाही. पण पेरणी साधली नाही तर दोष बियाण्याचा की पावसाचा, हे वेगळं काढायला तीच चाचणी कामी येते. मला ऑर्गनॉइडकडून तेवढंच हवं आहे. एखाद्याची चव गेली, तेव्हा चव ओळखणाऱ्या पेशी मेल्या का? की जुन्या ठरल्या वेळी मेल्या आणि नव्या घडणंच थांबलं? की पेशी धडधाकट आहेत आणि मेंदूकडे जाणारी चेता दुखावली आहे? जिवंत माणसात ही तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात.

काका : ती गुंतागुंत सोडवायले उंदीर आहेत न. गेली कित्येक वर्षं तेच चाललं आहे. मग हे नवं प्रकरण कायले?

पुतणी : उंदरानं खूप शिकवलं, त्याआधी माशीनंही. माशीचं काम तर आपल्या मुंबईतलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. सत्तरच्या दशकात ते आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज कुलाब्यात बसून फळमाशीचे असे वाण शोधत होते, ज्यांना ठरावीक वास किंवा साखरेची चव कळत नाही. एखाद्या जनुकात बिघाड झाला की नेमकी कोणती संवेदना जाते, हे ते माशीला विचारत होते. या वाटेनं जाणारे तेव्हा जगात फार थोडे होते. रॉड्रिग्ज मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या. डब्लिनमध्ये शिकत असताना सिद्दीकींचा शोधनिबंध वाचून त्यांनी मुंबई गाठली.

पण माशीचे चवीचे ग्राही आपल्याहून अगदी निराळे असतात. उंदीर बराच जवळचा, तरी तोही आपल्यासारखा नाही. मधुमेही लोक चहात टाकतात त्या काही गोळ्यांमधलं अॅस्पार्टेम आपल्याला साखरेच्या कितीतरी पट गोड लागतं, उंदराला ते गोड लागतच नाही. कडूपणा ओळखणारे ग्राही आपल्यात सुमारे २५, उंदरात सुमारे ३५. वासाचं अंतर याहून मोठं. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये वासाच्या ग्राहींचं जनुककुळ शोधलं, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या कुळातली चालू जनुकं उंदरात हजाराच्या वर आहेत, माणसात सुमारे ४००. उंदराला विचारून मिळालेलं उत्तर माणसाला लागू पडेल याची खात्री इथं देता येत नाही. कधीतरी माणसाच्याच पेशीला विचारावं लागतं.

काका : हे पटलं. आता नाकाकडे ये, कारण २०२१ मध्ये माझ्यासारख्यायच्या दारात नाकाचीच रांग होती. कोरोनात वास काहून गेला, हे कोणी सांगितलं? २०२० मध्ये हार्वर्डच्या संदीप दत्तांच्या गटानं दाखवलं की विषाणू ज्या एसीई-२ ले चिकटतो ते वासाच्या चेतापेशींवर दिसत नाही, त्यायले आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर दिसते. आधार खचला म्हणून वास गेला. मग काही लोकायचा वास महिनोन्‌महिने आला नाही, तो काहून? २०२२ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या ब्रॅडली गोल्डस्टाइन यांच्या गटानं २४ जणांच्या नाकातले कण तपासले, त्यातले ९ जण कोरोनानंतर वास न परतलेले. विषाणूचा मागमूस नव्हता, तरी प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तिथंच ठाण मांडून होत्या आणि वासाच्या चेतापेशी कमी झाल्या होत्या. हे सगळं माणसाच्या नाकातल्या कणानं सांगितलं. त्यात तुझा ऑर्गनॉइड कुठं आहे?

पुतणी : त्या शोधात नाहीच. आणि तुमचं काम सोपं करते, काका. नाकाच्या बाबतीत आमची गाडी जिभेपेक्षा मागे आहे. उंदराच्या नाकातल्या मूलपेशींपासून वासाच्या चेतापेशी असलेले पुंजके वाढवता येतात. माणसाच्या नाकातल्या मूलपेशी डिशमध्ये वाढतात, पण त्यांच्यापासून पूर्ण पक्व चेतापेशी घडवणं अजून फार अवघड जातं.

तरी तुमच्या उदाहरणातच आमची गरज दडली आहे. बायॉप्सीत दिसलं की टी-पेशी आहेत आणि चेतापेशी कमी आहेत. पण पहिल्यामुळे दुसरं झालं का? त्या टी-पेशी जी रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे मूलपेशी नवी चेतापेशी घडवणं सोडून देते का? रुग्णाच्या नाकात ते रसायन कमी-जास्त करून बघता येणार नाही. काढलेला कण एकदाच बघता येतो, तो काही नवीन करून दाखवत नाही. वाढणाऱ्या पेशींवर मात्र एकेक रसायन घालून, काढून बघता येतं. रुग्णाच्या नाकातला कण शंका निर्माण करतो आणि डिशमधल्या पेशी तिची परीक्षा घेतात. दोन्ही लागतात.

काका : दोन्ही लागतात, पण आधी काय? पुण्यातलंच उदाहरण घे. आयसर पुणे या संस्थेचे निक्सन अब्राहम आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी कोरोनाकाळात वास मोजणारं एक उपकरण वापरलं. ठरावीक तीव्रतेचा वास द्यायचा आणि माणसानं तो ओळखला का ते नोंदवायचं. लक्षणं नसलेल्या बहुतेक बाधितांमध्ये वासाची उणीव निघाली, आणि त्यातल्या कितीकांले आपला वास कमी झाला हे ठाऊकच नव्हतं. हे माणसाले समोर बसवून कळलं. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात डोळे तपासायचा तक्ता भिंतीवर असतो. वासासाठी काय असते? पेशंटले विचारतो, वास येते का? तो म्हणतो, येते. झाली तपासणी.

परदेशी संच आणावा तर तेही जसंच्या तसं चालत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या रिचर्ड डोटींनी १९८४ मध्ये ४० वासांची चाचणी केली, जगभर तिचं नाव आहे. पण तिच्यातले काही वास अमेरिकन घरातले. आपल्या वरुड-मोर्शीच्या माणसाले संत्र्याची साल द्या, हिंग द्या, लवंग द्या, ओव्याची पूड द्या. आणि उपचार? ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये वासाचा सराव सुचवला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. रोज दोनदा, बारा आठवडे. काही लोकायले त्यानं फरक पडतो. खर्च किती? किराणा दुकानातून भागते. हे सोडून पेशींच्या मागं लागलो त पेशंटनं किती वर्षं वाट पाहायची?

पुतणी : तो सराव सगळ्यांना का लागू पडत नाही, हेही पेशीच सांगतील. पण तुमचा मुद्दा मी टाळत नाही. वास मोजण्याची सोय आधी व्हायला हवी. ती झाल्याशिवाय आमच्या कामाला चांगला प्रश्नच मिळणार नाही.

काका : मग आता जिभेकडे वळ. माझं खरं भांडण तिथं आहे. वऱ्हाडात खर्रा किती खपतो हे तुले सांगायले नको. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ धूर न होणारा तंबाखू खाणारे निघाले. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी-तंबाखू-चुना घोटून खर्ऱ्याची पुडी बांधणं चालूच आहे. तोंड उघडत नाही म्हणून माणूस येतो. पुढं काहींची गाठ निघते. मग नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय नाहीत मुंबईचं टाटा. सहा-सात आठवडे रेडिएशन. माणूस वाचतो, ही मोठी गोष्ट आहे. पण परत आला की बायको म्हणते, डॉक्टर, ह्यायले वरणही मातीसारखं लागते, जेवतच नाहीत. वजन उतरते. काही महिन्यांत बऱ्याच जणांची चव परतते, काहींची नीट परतत नाही. त्या माणसासाठी तुझ्याकडे काय आहे?

पुतणी : औषध नाही. पण एक वाट आहे आणि ती ऑर्गनॉइडमधून निघाली आहे. तीच तुम्हाला सांगायची होती.

रेडिएशननं चव का जाते? चव ओळखणाऱ्या पेशी त्या मारानं लगेच मरत असतील, असं वाटू शकतं. २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या लिंडा बार्लो यांच्या गटानं उंदरांमध्ये पाहिलं, तर खरा घाव नव्या पेशी घडवणाऱ्या पेशींवर बसला होता. त्यांचं विभाजन थांबतं. जुन्या पेशी आपल्या वेळेनं मरत राहतात, जागा भरायला कोणी येत नाही आणि काही दिवसांत रुचिकलिका विरळ होते.

आता दुसरी गोष्ट. जिभेकडे जाणारी चेता कापली की रुचिकलिका नाहीशा होतात, हे शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. चेता रुचिकलिकेला जगवते. पण तिच्याकडून नेमकं काय मिळतं? २०१४ च्या त्या डिशमध्ये चेता नव्हती. तुमची हरकत होती ना, चेतातंतूच नाही म्हणून? तीच गोष्ट मोनेलच्या लोकांना बुचकळ्यात टाकणारी होती. चेता नसताना इथं चवीच्या पेशी घडल्याच कशा? याचा अर्थ चेता जे देते, ते आपण नकळत पेशींच्या पोषक द्रवात घातलं आहे. द्रवात आर-स्पॉन्डिन नावाचं प्रथिन होतं, एलजीआर-५ ला जाऊन जोडलं जाणारं. मग पैहुआ जियांग यांच्या गटानं उंदरांत चेता कापली आणि आर-स्पॉन्डिन दिलं. चेता नसतानाही चवीच्या पेशी पुन्हा घडल्या. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. डिशमध्ये जे नव्हतं, त्याच्यामुळेच हा शोध लागला.

काका : हे मात्र सुंदर आहे. खरंच. पण पोरी, मी कर्करोगाच्या पेशंटबद्दल बोलून रायलो. ज्याच्या तोंडातून गाठ काढली, त्याच्या जिभेवर तू वाढीचा इशारा देणारं प्रथिन सोडणार? राहिलेली एखादी वाईट पेशी त्याच इशाऱ्यावर उठली तर? चव परत आणता आणता आजार परत आणला, असं व्हायले नको. डॉक्टर म्हणून माझा हात थांबेल.

पुतणी : थांबलाच पाहिजे. हा धोका खरा आहे, म्हणूनच मी औषध म्हटलं नाही, वाट म्हटलं. तो धोका तपासायलाही हेच साधन लागतं. २०१९ मध्ये क्लेव्हर्स यांच्या गटानं तोंडाच्या निरोगी अस्तराचे आणि डोकं-मान भागातल्या गाठींचे असे दोन्ही ऑर्गनॉइड वाढवले आणि त्यांच्यावर औषधं आणि रेडिएशन लावून पाहिलं. एकाच माणसाची निरोगी पेशी आणि गाठीची पेशी शेजारी वाढवायची, तोच इशारा दोघींना द्यायचा. गाठ वाढत असेल तर ती वाट बंद. पेशंटच्या अंगावर हे करून बघण्यापेक्षा डिशमध्ये बघितलेलं बरं.

आणि ऑर्गनॉइडमुळे खऱ्या माणसाचं भलं झाल्याचं उदाहरणही आहे. सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजारात उट्रेख्तच्या संशोधकांनी रुग्णाच्या गुदाशयातला कण घेऊन ऑर्गनॉइड वाढवले आणि २०१३ मध्ये दाखवलं, की औषध लागू पडणार असेल तर तो पुंजका फुगतो. इतक्या विरळ जनुकीय दोषांचे रुग्ण, की त्यांच्यासाठी मोठी चाचणी घेताच येत नाही, त्यांना कोणतं औषध द्यायचं हे ठरवायला त्याचा उपयोग झाला.

काका : पटते. आता पैशाचं बोल. हे काम जगात कोण करवून घेते? चवीच्या पेशींत सगळ्यात आधी रस कोणाले? सॅन दिएगोची सेनोमिक्स नावाची कंपनी होती. माणसाचे स्वादग्राही बसवलेल्या पेशींवर द्रव्यांमागून द्रव्यं तपासून ती गोडी वाढवणारे, कडू झाकणारे पदार्थ शोधायची. २०१८ मध्ये फर्मेनिश या सुगंध आणि स्वादाच्या मोठ्या कंपनीनं ती घेतली. उद्या माणसाची रुचिकलिका डिशमध्ये मिळाली त पहिला उपयोग पुडीतल्या कुरकुऱ्याची चटक वाढवण्यासाठी होईल. माझा रेडिएशनचा पेशंट रांगेत शेवटी राहील.

पुतणी : कडू झाकणाऱ्या त्याच ज्ञानाचा मेळघाटात वेगळा उपयोग आहे. लेकरानं कडू औषध थुंकलं की डोस बुडतो. लहान मुलांसाठी औषध बनवताना कडूपणा ही मोठी अडचण असते, आणि कडू ओळखणाऱ्या माणसाच्या पेशी हाताशी असल्या तर कडूपणा अडवणारं द्रव्य शोधता येतं. पेशी तीच असते. तिला काय विचारायचं हे ज्याच्या हाती, त्याच्या बाजूनं उत्तर येतं. म्हणून हे काम कंपन्यांवर सोडू नये, असं मी म्हणते. सरकारी संस्थांनी करावं, आणि प्रश्न तुमच्या ओपीडीतून यावेत.

काका : आणि पेशी कोणाच्या? १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गाठीतल्या पेशी तिले न विचारता घेतल्या. जगभरच्या प्रयोगशाळा त्यावर चालल्या आणि तिच्या घरच्यायले एका कंपनीशी तडजोड मिळायले २०२३ उजाडलं. उद्या धारणीचा एखादा कोरकू माणूस येईल. त्याच्या जिभेवरचा कण घेताना इंग्रजी कागदावर अंगठा घ्यायचा का?

पुतणी : नाही. त्याच्या भाषेत, त्याला कळेल असं सांगून, नाही म्हणायची मोकळीक देऊनच घ्यायचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं संमती समजेल अशा भाषेत घ्यायला सांगतात. त्यापुढे जाऊन मी म्हणेन, की त्या पेशींपासून पुढं काय निघालं हे त्याला कळवण्याची जबाबदारीही संशोधकाची. जिभेच्या टोकाकडचे बारीक उंचवटे काढले तर ती जागा भरून येते. इजा लहान आहे, पण विश्वास लहान नाही.

काका : आणखी एक. प्राणी वाचवणारं साधन म्हणून तुम्ही याचं कौतुक करता. पण ज्या जेलमध्ये हे पुंजके वाढतात, तेच उंदराच्या गाठीतून काढतात न?

पुतणी : हो, बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. परदेशातून, गोठवलेल्या स्थितीत येतं आणि महाग पडतं. वनस्पतीजन्य आणि कृत्रिम पर्यायांवर काम चालू आहे, पण अजून सगळीकडे त्याची जागा भरून निघालेली नाही. तरी दिशा बदलते आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नवीन औषधं आणि चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या जागी ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींना वाट करून दिली. नियम तयार आहे. माणसं आणि सोयी तयार करायच्या आहेत.

काका : तर मग बोल, वऱ्हाडात काय करायचं? पुण्याच्या गोष्टी पुण्यात राहू दे.

पुतणी : तुम्ही सांगा, मी त्यात माझं जोडते.

काका : पहिलं, खर्रा सुटेल यासाठीचं काम. जी जीभ जळालीच नाही, तिले दुरुस्तीची गरज नाही. दुसरं, केसपेपरवर दोन ओळी: वास किती, चव किती. रेडिएशनआधी, मधे आणि नंतर. तिसरं, आपल्या वासांची एक साधी चाचणी, बाटल्यांतली, अमरावती आणि अकोल्यात एकसारखी.

पुतणी : मी चौथं सांगते. ज्यांच्या नोंदी तुम्ही ठेवाल, त्यातल्या ज्यांची इच्छा असेल त्यांच्या जिभेतला कण संमतीनं जतन करायचा. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी शस्त्रक्रिया होतातच. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांसाठी पेशी सांभाळतं. या दोन टोकांना जोडणारा धागा हवा. रेडिएशननंतर सहा महिन्यांत चव परतलेला माणूस आणि वर्षानंतरही न परतलेला माणूस, यांच्या मूलपेशींत फरक काय? खर्रा वर्षानुवर्षं खाल्लेल्या जिभेतल्या मूलपेशी वेगळ्या वागतात का? हा प्रश्न फिलाडेल्फियात किंवा उट्रेख्तमध्ये कोणी आपणहून विचारणार नाही. तिथं खर्रा नाही.

काका : चौथं चौथ्याच क्रमांकावर ठेवशील?

पुतणी : नाही. पहिल्या तिन्हींबरोबर सुरू करीन. तीन पूर्ण होईपर्यंत थांबलो, तर आज रेडिएशन घेणाऱ्यांची जीभ कशी बदलली याचा पुरावा हातातून जाईल.

काका : इथं आपलं जमणार नाही. माझ्या मते पैसा थोडा आहे आणि खर्रा आधी.

दोघांचा वाद इथं मिटत नाही, आणि तो मिटवण्याची मला घाई नाही. माझं मत सांगतो. पुतणीचं साधन मोलाचं आहे. चेता नसलेल्या पुंजक्यानं चेतेचं काम उलगडून दाखवलं, ही गोष्ट एकटीच त्याची बाजू लढायला पुरेशी आहे. पण काकांचा आग्रहही तितकाच खरा आहे. माणसाची नोंद नसेल तर पेशीला काय विचारायचं हेच कळत नाही, आणि मग जो पैसे देईल त्याचा प्रश्न पेशीपुढे जातो. वऱ्हाडाकडे या विज्ञानाला देण्यासारखं काहीतरी आहे: कोरोनाच्या त्या लाटेतून गेलेली नाकं, तंबाखूनं आणि उपचारानं पोळलेल्या जिभा, आणि त्यांच्याबद्दल नेमकं सांगू शकणारी माणसं. ते सांगणं आज केसपेपरवर उतरत नाही. ते उतरवणं हे या संशोधनाचं पहिलं पाऊल मानलं, तर काका आणि पुतणी दोघांच्याही कामाची सुरुवात एकाच जागी होते. त्यासाठी परदेशी जेल लागत नाही, नवी इमारत लागत नाही. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोणत्याही ओपीडीत ते उद्या सकाळी सुरू करता येईल.